कडू घोट आणि चित्रातली स्त्री

उर्दूत 'तंज' आणि 'मिजाह' असे दोन शब्द आहेत. मिजाह हसवतो, तंज बोचतो. अठराव्या शतकात अमेरिकन वसाहतींच्या लढ्यावर लंडनमध्ये जी व्यंगचित्रे निघाली, त्यांतली चांगली चित्रे तंजाच्या जातीची आहेत. पण हा तंज करताना देह कोणाचा वापरला, हे सहसा कोणी पाहत नाही.

'लंडन मॅगझिन'मध्ये १७७४ साली आलेले 'द एबल डॉक्टर' हे चित्र घ्या. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या. शिक्षा म्हणून पार्लमेंटने ते बंदरच बंद केले. चित्रात अमेरिका म्हणजे जमिनीवर पाडलेली अर्धनग्न स्त्री आहे. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ तिच्या घशात चहा ओततो आहे. बंदरबंदीचा कायदा त्याच्या खिशातून डोकावतो. सरन्यायाधीश मॅन्सफील्डने तिचे हात दाबून धरलेत. लॉर्ड सँडविच तिचे पाय धरून वस्त्राखाली पाहतो आहे. ब्रिटानिया तोंड फिरवून डोळे झाकते. आणि ती स्त्री तो चहा नॉर्थच्याच तोंडावर थुंकते. जुलमाला कायद्याचे हात असतात आणि वासनेची नजरही असते, हे राज्यकर्त्यांच्याच राजधानीत छापून आले. ही या चित्राची थोरवी. त्याच वर्षी पॉल रिव्हियरने बोस्टनमध्ये त्याची नक्कल केली. किटलीवर चहा हा शब्द तेवढा वाढवला.

पण ही स्त्री कोण? वेशावरून ती तिथल्या मूळनिवासी जमातीची आहे. अमेरिका खंड अशा स्त्रीच्या रूपात दाखवण्याची युरोपातली प्रथाच होती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण पेट्या फेकणारे गोरेही मोहॉक जमातीचा वेश घेऊनच जहाजांवर चढले होते. म्हणजे अन्याय दाखवायला तिचा देह आणि प्रतिकाराला तिच्या भाऊबंदांचा वेश. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मात्र याच लोकांना निर्दय रानटी ठरवले गेले. १७८३ च्या पॅरिसच्या तहात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. मिसिसिपी नदीपर्यंतची त्यांची जमीन इंग्लंडने त्यांना न विचारता नव्या राष्ट्राच्या हवाली केली.

म्हणून हे चित्र मोठे मानूनही मी ते अपुरे मानतो. त्यातला तंज सत्तेला अचूक लागतो, पण ज्या स्त्रीच्या देहावर तो उभा आहे तिचे दुःख त्याचा विषय नाही. आपल्या समाजाची चित्रेही बहुधा इतरांनीच काढली आहेत; कधी दाढी-टोपी, कधी बुरखा. काहींत द्वेष असतो, काहींत कळवळा. कळवळ्याच्या चित्रातसुद्धा आपण माणूस म्हणून आहोत की नुसती खूण म्हणून, हे तपासून घेतले पाहिजे.