टिळक दांपत्याची ध्येयदृष्टी

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना ‘ध्येयनिष्ठ’ म्हणण्याचा आपल्या समीक्षेचा प्रघात जुना आहे. हे विशेषण योग्य असले तरी त्याने फारसा अर्थबोध होत नाही. ख्रिस्ती साधनेत ध्येय हे मनुष्याने निवडावयाचे असते, की त्याला आलेल्या पाचारणाला द्यावयाचे उत्तर असते, हा प्रश्न त्याखाली झाकला जातो.

शुभवर्तमानांतच याविषयी दोन स्वर आहेत. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे लूक सांगतो. उद्याची चिंता करू नये, असे मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. टिळकांच्या हाती नवा करार आला तो १८९३ च्या आगगाडीच्या प्रवासात, आणि त्यांच्या मनाचा ठाव घेतला तो या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढचे सारे आयुष्य त्यांनी जणू त्या एका प्रवचनाच्या आधारे काढले. १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू. संकल्प भव्य खरे; परंतु बुरुजाचा हिशेब कोठेच नाही. महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले.

लक्ष्मीबाईंची (१८६८–१९३६) गोष्ट निराळी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या कन्या. सोवळ्याचे कडक संस्कार माहेरचे. (शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ पासून नाशिकला लागून होती, तथापि या दोघांपैकी कोणीही त्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले नाही.) पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या विभक्त राहिल्या. त्यांनी कसलाही संकल्प सोडलेला ‘स्मृतिचित्रे’त आढळत नाही. आढळतो तो एकेका पायरीवर घेतलेला निर्णय. पशुपक्ष्यांतील जाती देवाने केल्या असतील, पण माणसांतील भेद माणसांनीच केले, असा विचार त्यांच्या मनात एकांतात उभा राहतो, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे त्या ठरवितात. हे बाप्तिस्म्यापूर्वीचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. प्रसंग सांगताना निवेदनाचा सूर जराही उंचावत नाही. आमच्या मते या पुस्तकाचे सामर्थ्य येथेच आहे. मोठा निश्चय स्वयंपाकघरातल्या साध्या गोष्टीप्रमाणे सांगितला जातो.

मग ‘ख्रिस्तायन’चे उरलेले चौसष्ट अध्याय त्यांनी का लिहिले? पतीचे राहिलेले कार्य पुरे करणे हा पतिव्रताधर्मच होय, त्यात ख्रिस्ती ध्येयदृष्टी शोधणे व्यर्थ, असा आक्षेप कोणी घेईल. तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. लक्ष्मीबाईंच्या मनात दोन्ही प्रेरणा एकजीव झाल्या असणे संभवनीय आहे. परंतु पाण्याचा निर्णय त्यांनी पतीच्या सांगण्यावरून घेतला नव्हता. ते अनेकवार सांगत असताना त्या नकारच देत होत्या. ज्या स्त्रीने धर्म बदलण्यापूर्वी त्याची किंमत वर्षानुवर्षे मनाशी मोजली, तिने दुसऱ्याचे काव्यही न मोजता हाती घेतले नसावे. लहानपणी अक्षरओळख नसलेल्या, पतीकडून वाचावयास शिकलेल्या स्त्रीला त्या कामाचा भार ठाऊक नसेल, असे मानवत नाही.

‘ख्रिस्तायन’चा विचार करताना पूर्वार्धाची प्रतिभा व उत्तरार्धाची साधी ओवी यांची तुलना करून उत्तरार्धास गौण ठरविले जाते. टिळकांची कल्पनाशक्ती श्रेष्ठ, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि ही तुलना केवळ काव्यगुणांची आहे. उद्याची चिंता न करणाऱ्याने पाया घातला आणि हिशेब जाणणारीने बुरूज वर नेला, हे ध्यानात ठेवून दोन हातांमधील तो सांधा पुन्हा वाचावयास हवा. टिळकांचा हात जेथे थांबतो तेथपासून लक्ष्मीबाईंनी शब्दकळा कोठे उचलली, कोठे मुद्दाम टाकली, याची अध्यायवार नोंद घेण्याचे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्याजोगे आहे.