अंशदान टनावर, आजार अंगावर : ऊसतोड कामगार कल्याण निधीची चिकित्सा

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे स्थलांतर होते. कोल्हापूर, सांगलीप्रमाणेच कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट या जिल्ह्यांतही टोळ्या जातात. राहण्याचे राज्य एक आणि मजुरीचे दुसरे असताना आरोग्यासाठीचे अंशदान कोणत्या राज्यात जमा व्हावे, हा प्रश्न त्यातून उद्भवतो.

निधीची रचना :
2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रतिटन 10 रुपये कारखान्यांकडून घेण्याचे व तेवढीच रक्कम शासनाने देण्याचे धोरण स्वीकारले. कामगाराच्या मजुरीला हात न लावता निधी उभारणे ही त्याची जमेची बाजू होय. परंतु अंशदानाचे एकक टन आहे, कामगार नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 245 नुसार राज्याचा कायदा त्याच्या सीमेपुरताच चालतो. परिणामी बीडच्या मजुराने बेळगावात तोडलेल्या उसावर या निधीत काहीच जमा होत नाही. हंगाम संपल्यावर आजार मात्र बीडलाच परततो.

त्या आजाराचे स्वरूप 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे स्पष्ट झाले. बीडमधील 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 महिलांची, म्हणजे सुमारे 17 टक्के महिलांची, गर्भाशये काढलेली आढळली. उचल व मजुरी पती-पत्नीच्या जोडीला, म्हणजे ‘कोयत्या’ला मिळते. त्यामुळे हिशेबात स्त्रीचे स्वतंत्र नावच उरत नाही. टनावर आधारलेला निधी हीच अदृश्यता पुढे चालवतो.

तुलना :
राज्याची सीमा ओलांडताच आरोग्य-अंशदानाची ओळख बदलणे हे केवळ येथेच घडते असे नाही. अमेरिकेत 2003 च्या कायद्याने निर्माण झालेल्या आरोग्य बचत खात्यातील अंशदानास संघीय प्राप्तिकरातून सूट आहे; कॅलिफोर्निया व न्यू जर्सी ही राज्ये मात्र ती मान्य करीत नाहीत. परराज्यातून तेथे नोकरीस येणाऱ्यास तेथील विवरणपत्रात हा फरक सोसावा लागतो. मात्र तेथे खाते व्यक्तीच्या नावावर असल्याने कर वाढला तरी खाते तिच्याबरोबर राहते. बीडच्या कामगारापाशी असे खातेच नाही.

निष्कर्ष :
बांधकाम कामगारांसाठीचा उपकर 1996 च्या केंद्रीय कायद्याने देशभर लागू झाला. ऊसतोडीसाठीही उसाच्या गाळपावर असाच समान केंद्रीय उपकर विचारात घेणे आवश्यक आहे. तथापि नोंदणी कामाच्या राज्यात अडकल्यास तोच दोष पुन्हा उद्भवेल. म्हणून प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद मूळ गावी व्हावी आणि तिचा लाभ फडाजवळच्या रुग्णालयातही मिळावा. अन्यथा टनांचा हिशेब चोख राहील आणि कोयता चालवणारी स्त्री त्या हिशेबाबाहेरच राहील.