'असूनही'

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. वसईतील त्यांच्या माणसांच्या दुःखाची चिकित्सा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपण मराठी लेखकवाचकांनी जो शोक व्यक्त केला, त्याची भाषा मात्र तपासून पाहावयास हवी. धर्मगुरू असूनही साहित्यिक, ख्रिस्ती असूनही तुकोबांवर प्रेम करणारे, अशा वळणाचे बोलणे मी पुष्कळ ऐकले.

मी शाळामास्तर आहे. 'असूनही' शिकवताना मुलांना सांगतो, की अपेक्षेच्या उलट घडले म्हणजे ते वापरावे. 'ताप असूनही तो शाळेत आला', हे ठीक. पण ख्रिस्ती असूनही मराठीवर प्रेम केले, यात अपेक्षा कोणती? ख्रिस्ती माणसाला मराठीचे प्रेम नसावयाचे, हीच ना? उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून २०१९ मध्ये त्यांची निवड झाली, तेव्हा तिला विरोध झाला. त्या विरोधाच्या मुळाशी हेच गृहीत होते. त्यांनी ते रागाने मांडले, आपण कौतुकाने मांडतो.

मराठीचा इतिहास निराळेच सांगतो. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांच्याविषयी तर सांगावयासच नको. दिब्रिटो या घरातलेच, पाहुणे नव्हेत.

त्यांचे मोठेपण त्यांच्या लेखनातच शोधावे. बायबलच्या आपल्या अनुवादाला त्यांनी 'सुबोध' हे विशेषण लावले. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. भाषा जड असली म्हणजेच ती पवित्र, ही समजूत सर्वच धर्मांत आढळते. तिच्या विरुद्ध जाऊन साध्या वाचकाला समजेल असे लिहिणे, हा 'सुवार्ता' मासिकाच्या या संपादकाचा धर्मच होता. आणि हरित वसईच्या लढ्यात सुबोध बोलणे म्हणजे वैर ओढवून घेणे. श्रद्धांजलीतले नुसते 'प्रेमळ फादर' या लढवय्याला झाकून टाकतात.

माणसाला अपवाद ठरवून त्याचा शोक केला, की त्याच्या जाण्याने आपले स्वतःचे काय गेले, हे कळेनासे होते. मराठीतला एक लेखक गेला, हे आपले पहिले वाक्य असावे. ख्रिस्ती समाजाचा एक धर्मगुरू गेला, हे दुसरे. ही दोन वाक्ये जोडावयास 'आणि' पुरेसे आहे.