वॉल्टनसाहेबांचा बेडूक

मासे पकडणं आणि मासे पकडण्यावर पुस्तक लिहिणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. आमच्या म्हसळ्याच्या खाडीवर तंगुसाला गरी बांधून तासन् तास उकिडवे बसणारे जे काका-मामा आहेत, त्यांना या विषयावर चार ओळी लिहा म्हटलं तर ते तिथून उठून जातील. उलट, लंडनात कापडाचं दुकान चालवणाऱ्या ऐझॅक वॉल्टननं १६५३ साली 'द कम्प्लीट अँगलर' लिहिलं, आणि ते अजून छापलं जातं. देशात राजाचं डोकं उडवून जेमतेम चार वर्षं झालेली, आणि हे गृहस्थ गळाला काय लावावं याची शांतपणे चर्चा करताहेत!

पुस्तकाचा थाट गुरु-शिष्य संवादाचा. गळवाला बोलतो, शिकारी ऐकतो. आपल्या कीर्तनासारखंच. मध्येच गाणी, मध्येच देवाचे आभार, मध्येच पेयपान. (शेवटची बाब कीर्तनात नसते, हे मान्य.) पण पुस्तक खरं रंगतं ते पाइक माशाच्या प्रकरणात. पाइक म्हणजे गोड्या पाण्यातला लांब जबड्याचा, दातांनी खच्चून भरलेला, पाणवेलीत दबा धरून बसणारा दरोडेखोर. आपल्याकडचा त्याचा व्यवसायबंधू म्हणजे जिताडा. हाही तिवरांच्या मुळाशी, खडकाच्या आडोशाला, खारबंधाऱ्याच्या उघाडीपाशी टपून असतो आणि जवळून जाणारी कोळंबी किंवा बोय गट्ट करतो.

म्हणूनच वॉल्टनचं तंत्र इतक्या दूरवर, खाऱ्या पाण्यातही पटतं. दबा धरणाऱ्याला जिवंत आमिष लागतं. पाइकनं ते धरलं की ओढू नका, दोरी सैल सोडा, त्याला बिळात जाऊन निवांत गिळू द्या, असं तो सांगतो. गळापाशी तार वापरायलाही सांगतो, कारण पाइकचे दात दोरी कापतात. जिताड्याला तसले दात नाहीत, पण त्याच्या कल्ल्यांचं झाकण वस्तऱ्यासारखं धारदार. झटका दिला की तंगूस खलास. हत्यार वेगळं, नुकसान तेच. लेखकाला आपला मासा माहीत आहे, हे कबूल केलंच पाहिजे.

आता बेडूक. पाइकसाठी जिवंत बेडूक गळाला कसा लावावा, याचं वर्णन लेखकानं फार बारकाईनं केलंय. गळ तोंडातून घालून कल्ल्यांतून काढायचा (बेडकाला कल्ले कुठले, हे तोच जाणे), मग पाय रेशमाच्या दोऱ्यानं शिवायचा. आणि हे सगळं बेडकावर आपलं प्रेम असल्यासारखं करायचं! आता तुम्हीच सांगा, असलं प्रेम करणारा जावई कुणी करून घेईल का? आमच्या काकांनाही कोळंबी जिवंत ठेवावी लागते, म्हणून ते गळ अलगद लावतात. पण त्याला प्रेम म्हणत नाहीत, गरज म्हणतात. दुसरी युक्ती याहून बहारीची. गळाची दोरी हंसाच्या किंवा बदकाच्या अंगाला बांधायची आणि त्याला तळ्यातून पळवायचं. म्हसळ्यात हे कुणी केलं, तर मासा मिळेल न मिळेल, बदकाचा मालक नक्की मिळेल.

ऐकीव माहितीच्या बाबतीत मात्र आमचा लेखक फारच भोळा. काही पाइक एका पाणवनस्पतीतूनच जन्मतात, हे तो जुन्या पंडितांच्या हवाल्यानं सांगतो. १४४९ साली गळ्यात कडं असलेला पाइक सापडला आणि तो दोनशेहून अधिक वर्षांचा होता, हेही. कड्याला वयाचा दाखला मानायचं ठरवलं, तर बँकेत पेन्शनर कधी संपायचेच नाहीत.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. वॉल्टन पाइकला जुलमी राजा ठरवतो आणि सगळीकडे पुल्लिंग वापरतो. प्रत्यक्षात धिप्पाड पाइक बहुतेक माद्याच असतात. आपली मराठीही यात मागे नाही: 'तो जिताडा'! जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी वाढला की मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा दोन्ही हातांत धरून आपण 'केवढा बाप्या सापडला' म्हणतो, तेव्हा हातात खाडीतली आई असते. लाखो अंडी घालणारी. वजनकाट्यावर किलो दिसतात, अंडी दिसत नाहीत. खात्याचं व्याज खाल्लं तर चालतं. इथे आपण मुद्दलच कालवणात घालतो, वर कोकम टाकतो.

गंमत म्हणजे याचं औषध याच पुस्तकात आहे. माशांच्या विणीच्या महिन्यांत मासेमारी बंद असावी, कायदे आहेत पण राबवणारा कुणी नाही, अशी तक्रार वॉल्टननं १७ व्या शतकात केली. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ती कशी पाळली जाते, हे बंदरावरच्या कुणालाही विचारा. बेडकाच्या पानावर लोक तीनशे वर्षं हसले, हे पान मात्र तसंच उलटलं.

तेव्हा पुस्तक जरूर वाचावं. बेडकाचं पान दुमडावं, विणीच्या महिन्यांचं उघडं ठेवावं. शेवटी लेखक पाइक भाजायची कृतीही देतो: पोटात कालवं, लोणी, वर लाल दारू. आणि बजावतो, की हा पदार्थ फक्त गळ टाकणाऱ्यांनी किंवा अत्यंत प्रामाणिक माणसांनी खावा. 'किंवा' हा शब्द त्यानं विचारपूर्वक घातला असावा.