जलाशयांतील अमोनिया-ऑक्सिडीकारक सूक्ष्मजीव : अभ्यासपद्धतीची चिकित्सा

अहिल्यानगर जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यातून वाहणारी प्रवरा टोका-प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते व तिचे पाणी जायकवाडीच्या नाथसागरात साठते. छत्रपती संभाजीनगर शहराचा पाणीपुरवठा याच जलाशयावर अवलंबून आहे. शेतांतील युरियापासून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर सूक्ष्मजीव करतात. म्हणून केवळ अमोनिया व नायट्रेट मोजून परीक्षण पूर्ण होत नाही. त्यातून परिणाम कळतो, कर्ता कळत नाही.

संवर्धन पद्धतीही एकांगीच होय. प्रयोगशाळेत वाढणारा नायट्रोसोमोनास जलाशयातही प्रबळ असेलच असे नाही. अमोनिया मोनोऑक्सिजनेज या विकराशी संबंधित 'अमोए' जनुकाच्या अभ्यासाने संवर्धनाशिवायही जनुकीय विविधता उलगडते. मात्र जीवाणूंसाठी रचलेले प्रायमर आर्कियांना टिपत नाहीत. २००५ मध्ये सागरी मत्स्यालयातून मिळवलेला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस आर्कियाच होता. २०१५ मध्ये तर संपूर्ण नायट्रीकरण एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा जीवाणू ज्ञात झाले. परिणामी 'दोन टप्पे, दोन जीवाणू' ही पाठ्यपुस्तकी मांडणी अपुरी ठरते.

नाथसागराच्या अभ्यासात पाणी व गाळ, पावसाळा व उन्हाळा, जीवाणू व आर्किया यांचा स्वतंत्र विचार झाला नाही, तर पिण्याच्या पाण्याविषयीचे निष्कर्षही अपूर्णच राहतील.