मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे माहितीलेखन आणि शुद्धलेखनाची मर्यादा

मुद्रणदोष दाखविणे हे विद्वत्तेचे काम नव्हे, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही ती रूढ आहे. आज्ञावली रचणे हे खरे कर्तृत्व. तिच्या सोबतीच्या माहितीलेखनातील एखादे चुकलेले अक्षर सुधारणे ही केवळ झाडलोट, असे तेथे पुष्कळदा मानले जाते. वस्तुतः संगणकशास्त्रातील एका थोर पुरुषाचे आचरण या समजुतीच्या नेमके उलट आहे. टेक् या अक्षरजुळणी-प्रणालीचे कर्ते डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास २.५६ डॉलरांचे पारितोषिक देण्याचा प्रघात पाडला आणि त्यात शास्त्रीय प्रमादाबरोबर मुद्रणदोषासही स्थान दिले. तेव्हा दुरुस्ती लहान की मोठी, हा खरा प्रश्न नव्हे. ती कोठे करावी आणि कोठे करू नये, हा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना माहितीलेखनाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कथा-कादंबरीचा वाचक चुकलेले अक्षर मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. माहितीलेखनाचा वाचक मात्र वाचलेले जसेच्या तसे अमलात आणतो; आणि ज्या यंत्राकरवी तो ते अमलात आणतो, त्या यंत्राला अक्षराची क्षमा ठाऊक नसते. शिवाय या वाचकांपैकी अनेकांची इंग्रजी ही जन्मभाषा नसून शिकलेली भाषा असते. चुकलेला शब्द त्यांना कोशात सापडत नाही, आणि नेमका शब्द घालून शोध घेतला तर चुकलेली जागा हाती लागत नाही. लिनक्स कर्नलच्या नियमावलीत क्षुल्लक म्हणून गणल्या जाणाऱ्या दुरुस्त्यांची जी यादी होती, तीत माहितीलेखनातील शब्दांच्या दुरुस्त्यांबरोबरच ‘ग्रेप’ या शोधसाधनाला चकविणाऱ्या चुकांच्या दुरुस्त्यांचाही वेगळा उल्लेख होता. शुद्धलेखनाचे प्रयोजन सौंदर्याचे नसून शब्द सापडण्याचे आहे, हे मर्म त्या एका कलमात आले आहे.

तथापि, चुकले म्हणून दिसेल ते सुधारावे, असाही नियम करता येत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिट या प्रणालीच्या मार्गदर्शिकेत या बाबतीत मोठा विवेक दिसतो. गिटच्या माहितीलेखनात ब्रिटिश व अमेरिकन अशा दोन्ही धर्तींचे वर्णलेखन मिसळले आहे, हे तेथे खेदाने मान्य केले आहे. परंतु केवळ एकरूपतेसाठी सर्व पानांना हात लावणारी प्रचंड दुरुस्ती नको, कारण तिचा इतरांच्या चालू कामाशी संघर्ष होतो, असे तेथे बजावले आहे. उघड हस्तदोष मात्र स्वतंत्रपणे सुधारून पाठवावेत. ब्रिटिश रूपे दुसरे काही खरे काम करता करता हळूहळू अमेरिकन वळणावर आणावीत. प्रमाद आणि पर्याय हे भिन्न आहेत, हा भेद येथे अचूक केला आहे. एका गोष्टीत मात्र ही मार्गदर्शिका उणी पडते. पर्यायांचे एकरूपीकरण इतर ‘खऱ्या’ कामाच्या ओघात व्हावे असे म्हटल्याने भाषेची निगा हे खरे काम नव्हे, ही जुनी समजूत मागल्या दाराने परत येते. आणि ज्या परिच्छेदाकडे कोणाचेही पाऊल वळत नाही, तो तसाच राहतो.

याहून अवघड प्रकार तिसरा. काही चुका अशा असतात की, त्या यंत्राच्या रचनेचा भाग होऊन बसतात. महाजालावरील एका पानावरून दुसऱ्या पानावर येणाऱ्या वाचकाचे मूळ स्थान सांगणारे ‘रेफरर’ हे क्षेत्र एचटीटीपी या संकेतप्रणालीत आहे. इंग्रजीत या शब्दाच्या मध्यभागी ‘आर’ हे अक्षर दोनदा हवे. संकेतात ते एकदाच आले. १९९९ च्या प्रमाणलेखात हे नाव चुकलेले असल्याची कबुली आहे, आणि २०२२ च्या प्रमाणलेखातही कबुली आणि चूक दोन्ही कायम आहेत. पुढे निघालेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या क्षेत्रात मात्र वर्णलेखन शुद्ध आहे. एकाच घरात एक भाऊ शुद्ध आणि एक अशुद्ध नाव लावतो, असा हा प्रकार होय. युनिक्समध्ये नवी फाइल निर्माण करणाऱ्या आज्ञेच्या नावातून ‘क्रिएट’ या शब्दाचे अखेरचे ‘ई’ गळाले आहे. युनिक्स पुन्हा रचावयाचे झाल्यास काय बदलाल, या प्रश्नाला ते ‘ई’ घालीन, असे विनोदी उत्तर केन टॉमसन यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. ते ‘ई’ आजही घातले गेलेले नाही. कारण घातल्यास त्या नावावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावली मोडतील. उत्साही संशोधकाने माहितीलेखनात ही नावे ‘शुद्ध’ केली, तर वाचक शुद्ध शब्द टंकून अपयश पदरी घेईल. अशा ठिकाणी चूक जपावी आणि ती चूक आहे, एवढे नोंदवावे.

या तीन प्रकारांचा भेद साधनांना कितपत कळतो? कोडस्पेल नावाचे एक मुक्त साधन या कामी प्रचलित आहे. त्याची योजना लक्षणीय आहे. शुद्ध शब्दांचा संपूर्ण कोश जवळ न बाळगता ते वारंवार होणाऱ्या चुकांची यादी बाळगते. या यादीला इंग्रजी विकिपीडियावरील तशा याद्यांचा आधार आहे. त्यामुळे आज्ञावलीतील अपरिचित नावांना ते उगाच दोष देत नाही. जेथे एका चुकीला दोन शुद्ध शब्द संभवतात, तेथे ते आपण होऊन बदल करीत नाही. ब्रिटिश रूपांची यादीही वेगळी ठेवलेली असून ती सांगितल्याशिवाय लागू होत नाही. परंतु चुकीच्या जागी पडलेला शुद्ध शब्द त्याच्या दृष्टीला सहसा दिसत नाही, आणि गळालेला नकार तर मुळीच दिसत नाही. वाक्याचा अर्थ उलटविणारी चूक वर्णलेखनाच्या दृष्टीने पूर्ण निर्दोष असू शकते. तेथे वाचणारा माणूसच हवा.

तो माणूसही विवेकी हवा. दर ऑक्टोबरात भरणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या २०१४ पासूनच्या उपक्रमात ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठविणाऱ्यास सदरा भेट मिळत असे. २०२० मध्ये सदऱ्याच्या आशेने निरर्थक शब्दबदलांचा इतका पूर लोटला की, त्याच महिन्यात आयोजकांना नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पांनी सहभाग मान्य केला असेल, त्यांतीलच दुरुस्त्या पुढे गणल्या जाऊ लागल्या. प्रत्येक दुरुस्ती कोणाला तरी वाचून पारखावी लागते, आणि ते श्रम पाठविणाऱ्याच्या श्रमाहून अधिक असू शकतात, हा धडा त्यातून मिळाला. मात्र त्यावरून लहान दुरुस्तीच हीन ठरविणे अन्यायाचे होईल. नवख्या माणसाला प्रकल्पात प्रवेश मिळतो तो बहुधा याच दाराने.

मराठी अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा लेखनिकाचा प्रमाद कोणता आणि कवीचा मूळ शब्द कोणता, हाच विवेक त्यांना करावा लागला असला पाहिजे. मात्र त्यांनी कोणते अक्षर कोणत्या कारणाने बदलले, याची नोंद आज उपलब्ध नाही. गिटमध्ये प्रत्येक बदलामागे कर्त्याचे नाव, काळ आणि त्याने लिहिलेले कारण राहते; पाठचिकित्सकाने हेवा करावा अशीच ही सोय आहे. ‘चूक सुधारली’ एवढेच कारण लिहिणारा तिचा अर्धा लाभ गमावतो.

मराठी माहितीलेखनात तर एक चूक डोळ्यांना दिसतही नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पहिली रीत युनिकोडला इष्ट आहे. दुसरी जुन्या लेखनाशी मेळ राहावा म्हणून ग्राह्य धरली आहे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात; पण साध्या शोधात एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. १९६२ मध्ये शासनमान्य झालेले मराठी शुद्धलेखनाचे नियम कागदावरच्या अक्षराचे होते. हा नियम कागदामागच्या अक्षराचा आहे. मराठीत माहितीलेखन करणाऱ्यांनी यांपैकी एक रीत ठरवून ती प्रथमपासून पाळली नाही, तर जी चूक आज एका दिवसात सुधारता येईल, तीच पुढे ‘रेफरर’प्रमाणे जपावी लागेल.