‘गुलामगिरीची नवी पद्धति’ : एका ग्रंथनामाचें परीक्षण

ह्यू टिंकर यांचा ‘ए न्यू सिस्टम ऑफ स्लेव्हरी’ हा ग्रंथ इ. स. १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. इ. स. १८३० ते १९२० या काळांत हिंदी मजुरांस समुद्रापार कसें नेण्यांत आलें, याची हकीगत त्यांत आहे. ग्रंथकारांचा कागदपत्रांचा व्यासंग मोठा असून मजुरांच्या दुःखाविषयींची त्यांची कळकळ खरी आहे. या गुणांबद्दल आमचा वाद नाहीं. आमचा आक्षेप ग्रंथाच्या नांवावर आहे. आणि येथें नांवच सिद्धान्ताचें काम करीत असल्यामुळें तो क्षुल्लक नव्हे.

हा शब्दप्रयोग मूळचा वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांचा, इ. स. १८४० मधील. भीति व्यक्त करण्यास तो योग्यच होता. परंतु इतिहासांतील वर्गीकरणास तो पुरतो काय, हें मॉरिशसच्या उदाहरणावरून पाहूं.

त्या बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी संपली. त्यापूर्वींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, ‘अ‍ॅटलस’ जहाजांतून ३६ हिंदी मजूर तेथें पोंचले होते. इ. स. १९१० पर्यंत सुमारें साडेचार लाख लोक गेले. बहुतेक कलकत्ता व मद्रास बंदरांतून, कांहीं मुंबईहून. या शेवटच्यांत आपल्या कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं. आरंभींचा करार पांच वर्षांचा, मजुरी दरमहा पांच रुपये व वर शिधा.

नारदस्मृतींत शुश्रूषकांचे पांच प्रकार सांगितले आहेत : शिष्य, अन्तेवासी, भृतक व अधिकर्मकृत् हे चार कर्मकर, आणि पांचवा दास. भृतक आपले श्रम मुदतीपुरते देतो; दास स्वतःच धन्याचा असतो. करारपत्र पाहतां गिरमिटिया हा भृतक ठरतो. परंतु भृतकाचे हक्क त्यास मिळाले नाहींत. वेतन घेऊन काम टाकणाऱ्यानें दुप्पट द्यावें, वेतन घेतलें नसल्यास तितकेंच द्यावें, असा याज्ञवल्क्यांचा निर्णय आहे. मॉरिशसमध्यें एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापीत. आणि ती मजुरी पुष्कळदां महिनोनमहिने मळेवाल्याकडेच तुंबलेली असे. म्हणजे न घेतलेल्या वेतनावर दुप्पट दंड! शिवाय करारभंग हा दिवाणी वाद न राहतां तुरुंगाचा गुन्हा झाला.

तथापि खरी अडचण करार संपल्यावर सुरू होई. इ. स. १८६७ च्या ३१ व्या कायद्यान्वयें मुदत पुरी केलेल्या ‘जुन्या’ गिरमिटियासहि स्वतःच्या छायाचित्राचा पास सदैव जवळ बाळगावा लागे. पास नसल्यास पोलीस त्यास भटक्या ठरवून धरीत. त्यामुळें फेरी करणारा, भाजी लावणारा, स्वतंत्रपणें पोट भरूं पाहणारा मनुष्य संशयित झाला. पुन्हां मळ्याचा करार करणें हाच त्यास निर्भय मार्ग उरला. दास्य संपलें होतें, करारहि संपला होता, आणि तरी मोकळीक नव्हती. ‘गुलामगिरी’ या एका शब्दांत नेमकी हीच गोष्ट झांकली जाते.

इ. स. १८७१ मध्यें अडोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थाच्या साह्यानें ९४०१ जुन्या गिरमिटियांनीं गव्हर्नराकडे अर्ज केला. पुढील वर्षीं राजनियुक्त चौकशीमंडळ नेमलें गेलें व इ. स. १८७५ मध्यें त्याच्या अहवालानें तक्रारींस पुष्टि दिली. या अर्जाचें बळ कशांत होतें? आम्ही आपलें वचन पाळलें, आतां सरकारनें आपलें पाळावें, असें म्हणण्याचा अधिकार त्या लोकांस होता. तो अधिकार भृतकाचा आहे, दासाचा नव्हे. त्यांस दास म्हटलें कीं आपण त्यांची कींव करितों, पण त्यांचा दावा मात्र बुडवितों.

उलट बाजूचा दोषहि टाळला पाहिजे. पुढील दशकांत साखरमळ्यांचे तुकडे विकले गेले, तेव्हां गिरमिटियांनीं व त्यांच्या मुलांनीं जमिनी घेतल्या. मरीना कार्टर यांनीं इ. स. १९९५ च्या आपल्या ग्रंथांत सरदार, परतून गेलेले लोक व स्थायिक झालेलीं कुटुंबें यांकडे लक्ष वेधलें आहे, तें उचितच. परंतु त्यावरून ‘उद्योग्यास लक्ष्मी कोठेंहि वश होते’ असा बोध काढणें म्हणजे पासाचा कायदा विसरणें होय. जमीन मिळाली ती अडथळे नव्हते म्हणून नव्हे. त्या अडथळ्यांची किंमत कित्येकांनीं आयुष्यभर भरली म्हणून.

एवंच, टिंकर यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. नांव मात्र सिद्धान्त न मानतां आरोप म्हणून वाचावें. कोंकणांतील ज्या घरांत मॉरिशसचीं जुनीं पत्रें किंवा पास असतील, त्यांनीं ते कागद जपावेत. ते मजूर दास होते कीं भृतक, हा प्रश्न अखेर त्यांच्याच कागदांस विचारला पाहिजे.